झडती

बॅग गॅलरीत उन्हाला ठेवलीय,
चेन उघडी, तोंड वासून.
बोळातला तांबडा कुत्रा दोनदा जिना चढून आला,
चाकं हुंगून गेला.
त्याला काय, जेल रोडच्या कुत्र्याला
समुद्र म्हणजे खारट चाकं.

तिकिटं लेकीनं काढली होती.
नाशिकच्या माणसाला बोट म्हणजे
गंगापूर धरणावरची, अर्ध्या तासाची,
नारिंगी जाकीट घालून फोटो काढायची.
ही अकरा मजल्यांची.
आत शिरायच्या आधी रांग,
आणि रांगेतल्या बॅगांमधून चालत येणारी
काळी, सडसडीत, लिली नावाची कुत्री.

ओझरच्या द्राक्षवाल्याची बॅग तिनं सोडली.
माझ्या मेतकुटाकडे, लोणच्याच्या बरणीकडे
ढुंकून पाहिलं नाही.
यांच्या बॅगेपाशी आली
आणि बसली.

भुंकली नाही. नुसती बसली,
उत्तर येत असलेल्या मुलीसारखी.

कुणी काही म्हणायच्या आत
यांचे दोन्ही हात वर.
खांद्याच्या रेषेत, तळवे उघडे,
पाय फाकलेले, नजर समोरच्या भिंतीवर.
रांग हसली. एकानं मोबाईल काढला.
मला हसू आलं नाही.

एकतीस वर्षं, प्रेसच्या गेटवर,
सुटीचा भोंगा झाला की हेच हात असेच.
डबा उघडा. चप्पल झटका. वळा.
ऐन दिवाळीत. तापात.
सासरे गेल्याचा निरोप पोचला त्या दुपारीही
आधी झडती,
मग रडणं.
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे हाताखालून जायचे
आणि घरी यायची ती फक्त नखांतली शाई.
आमच्या उशांनाही तोच वास होता.
पुढे मला तो येईनासा झाला.

बॅग उघडली.
बनियन, बीपीच्या गोळ्या,
स्वेटर (मे महिन्यात, समुद्रावर, कशाला कोण जाणे)
आणि तळाशी ती खाकी पिशवी,
प्रेसमध्ये डबा न्यायची.
रिटायर होऊन सात वर्षं झाली,
दाढीचं सामान अजून तिच्यातच.
लिलीनं नाक थेट आत खुपसलं.

"कॅश आहे? किती?"
"साडेसहा हजार. मोजून घ्या."
"काय करत होतात आधी?"
"नोटा छापत होतो."

मग साहेबही हसला, स्कॅनरवरची मुलगीही.
हँडलरनं पट्टा ओढला,
म्हणाला, चुकली आज पोरगी.
हात वरच होते यांचे.

"चुकली नाही," हे म्हणाले.
"तिचा चेंडू द्या तिला."

दिला त्यानं. हिरवा, चावून चावून केस गेलेला.
काय आनंद तिला! शेपटीसकट सगळी हलली.
हे तेव्हा कुठे हात खाली घेऊन
बघत राहिले.
इतकी वर्षं रोज काही सापडलं नाही,
त्याबद्दल यांना कुणी
चेंडू दिला नव्हता.

समुद्राचं विचाराल तर
पाणी खूप होतं.

आता हे दोरीवर टॉवेल टाकतायत.
हात वर, पाय जरासे फाकलेले.
मी मागून गेले, गंमत म्हणून
खिसे चाचपले.
पायजम्याच्या डाव्या खिशात
काहीतरी गार लागलं.

बोटीवरचा चमचा. एवढासा,
दांड्यावर नांगर कोरलेला.

या माणसानं आयुष्यात
टाचणी आणली नाही घरी.

मी काढून घेतला तो.
यांनी मागे वळून पाहिलं नाही,
भिंतीकडेच बघत उभे होते, कान लाल.
"जा," म्हटलं.

चहा टाकला. साखर त्याच चमच्यानं ढवळली.
दाराशी तांबडा पुन्हा आलाय,
भुंकत नाही,
नुसता बसलाय.
अर्धी पोळी टाकते त्याला.